अण्णांनी व्हीटेकला गॅस बसवला

निघायच्या दिवशी मायनं गाडीच्या बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. पांढऱ्या रंगावरून हळद लवकर निघत नाही, म्हणून मी खिशातला रुमाल काढला. माय बघतेय हे लक्षात आलं तसा तो परत ठेवला. जपानला मी निघालो होतो, गाडी नव्हे, पण हसनाबादेत त्या सकाळी जमलेले लोक गाडीभोवतीच उभे होते. त्यांचं चुकलं नाही. मीही तिच्याकडेच बघत होतो.

गाडी म्हणजे जुनी होंडा सिटी, व्हीटेक इंजिनची. ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढं सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी एवढंच, की पाच हजार फेऱ्यांच्या पुढं काटा गेला की त्या इंजिनचा आवाज बदलतो आणि आपण सीटला चिकटतो. जालन्याच्या एका डॉक्टरांच्या अंगणात ती हवा गेलेल्या चाकांवर उभी होती. मी आणि माझ्या दोस्तानं, सलीमनं, ती घेतली, एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या त्याच्या गॅरेजात दोन वर्षं उघडली-जोडली. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, रुंद चाकं, मोकळा सायलेन्सर, लहान स्टिअरिंग, एकेक वस्तू पुण्या-मुंबईच्या शौकिनांकडून मागवलेली. पुढं जालन्यात फक्त जपानी गाड्यांचं गॅरेज काढायचं, मी तिकडून काम शिकून यायचं आणि ही गाडी दारात उभी करायची, असं आमचं ठरलं होतं. पाच वर्षं. मी परत येणार याचा पुरावा म्हणून ती गाडी मी मागं ठेवून चाललो होतो.

विमानतळापर्यंत गाडी अण्णांनी चालवली. अण्णा माझे वडील. त्यांनी वीस वर्षं हसनाबाद ते जालना काळी-पिवळी जीप चालवली, त्यामुळं कुणाच्या शेजारी बसणं त्यांना जमत नाही. व्हीटेक त्यांनी संभाजीनगरपर्यंत चाळीसच्या वर नेली नाही, आणि मी तासभर दात दाबून बसलो. उतरल्यावर किल्ली आणि एक कागद त्यांच्या हातात दिला. आठवड्यातून एकदा सुरू करायची, दहा मिनिटं ठेवायची, बंद करायची, वर कापड टाकायचं, कुणाला द्यायची नाही. अण्णांनी कागद दोनदा वाचला.

"उभी राह्यलेली गाडी सोताला खाती रे," ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही फक्त कागदात लिहिलंय तेवढं करा.

माझ्यासारखे जे निघाले आणि जे मागं राहिले, त्या दोघांसाठी मी हे लिहितो आहे. सलीम, तू हे अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवशील हे मला माहीत आहे, म्हणून जरा दमानं लिहितो.

मी नागोयापासून तासाभरावरच्या एका गॅरेजात कामाला लागलो. शाचो, म्हणजे आमचे मालक, भला माणूस. पण स्कायलाइन आणि सुप्रासारख्या वेगवान गाड्यांच्या देशात मला काय मिळालं, तर पिवळ्या नंबरप्लेटच्या डब्यासारख्या छोट्या गाड्या. भाजीवाल्याची व्हॅन, म्हाताऱ्या बाईंची तांदूळ आणायची गाडी, टपालाची गाडी. ऑइल बदल, ब्रेक बघ, खाली वाकून म्हणायचं, पुन्हा या. पहिल्या वर्षात मी एकाही टर्बोवाल्या गाडीला हात लावला नाही. ज्या गाड्यांची चित्रं मी कॉलेजात वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवली होती त्यांना पंचवीस वर्षं झाली की अमेरिकेत न्यायची परवानगी मिळते आणि तिथले व्यापारी त्या कंटेनरात घालून नेतात. मी जपानला पोचलो तोवर गाड्या जपान सोडून निघाल्या होत्या. स्वतः एखादी घ्यावी म्हटलं, तर आधी पोलिसांना ती उभी करायची जागा दाखवा. माझ्या खोलीत मी आडवा झालो की दार उघडत नव्हतं, गाडीची जागा कुठून दाखवणार?

रविवारी मात्र हायवेच्या एका थांब्यावर शौकीन जमायचे, आणि मी सायकलीनं तिथं जायचो. सिल्व्हिया, आरएक्स-सेव्हन, बॉनेट उघडं, शेजारी मालक हाताची घडी घालून. कुणी कुणाच्या गाडीला हात लावत नाही. बोलणंही हळू. आपल्याकडं चार जण जमले असते तर एकानं तरी रेस दिलीच असती. त्यांनी मला विचारलं, तुझी कुठली? मी मोबाइलवर पांढऱ्या सिटीचा फोटो दाखवायचो. चाकाखालचं लिंबू कशाला, हे जपानीत सांगता सांगता माझी भाषा सुधारली.

आमच्याकडं त्यांच्या गाड्या यायच्या त्या दोन वर्षांतून एकदा, शाकेनच्या आधी. शाकेन म्हणजे सरकारी तपासणी, आपल्या पासिंगसारखी पण फार कडक. हौसेनं बसवलेलं सगळं काढायचं, साधं सामान लावायचं, तपासणी झाली की पुन्हा हौसेचं चढवायचं. काढलेल्या प्रत्येक नटबोल्टाला ते चिकटपट्टी लावून नाव लिहितात, डावं-उजवं लिहितात आणि खोक्यात नीट भरून ठेवतात. मला त्याचा वैताग यायचा. लावायचंच आहे तर काढता कशाला, असं मी एकदा फोनवर अण्णांना चिडून सांगितलं होतं. अण्णा एवढंच म्हणाले, मानसं जपून ठेवतेत म्हन की. मी विसरून गेलो.

दर रविवारी सकाळी अकराला, म्हणजे माझ्या दुपारी, अण्णा गाडी सुरू करायचे आणि फोन बॉनेटजवळ धरायचे. मी डोळे मिटून ऐकायचो. इंजिन गरम व्हायला लागलं की ताल कसा उतरतो, पंखा कधी लागतो, सगळं मला तोंडपाठ होतं. माय मागून विचारायची, जेवला का? तिला इंजिनच्या वरचढ आवाजात ओरडावं लागायचं. पुढं पुढं आवाज जरा वेगळा येऊ लागला. सायलेन्सर दबल्यासारखा वाटायचा. मी विचारलं तर अण्णा म्हणायचे, फोन जुना झाला.

साडेतीन वर्षांनी, मे महिन्यात, वीस दिवसांची रजा घेऊन आलो. अण्णा विमानतळावर न्यायला आले होते. मी गाडी ओळखली ती नंबरवरून. टपावर लोखंडी कॅरिअर. पुढं म्हशीलाही पाडील असा जाड गार्ड. गाडी वर उचललेली, बारीक चाकं, स्टिअरिंगला केसाळ कापडाचं कव्हर. मी बॅग ठेवायला डिकी उघडली आणि तिथं गॅसची टाकी. बॅग मावेना. अण्णांनी ती कॅरिअरवर टाकली आणि दोरीनं कचकन आवळली. व्हीटेकला गॅस किट. पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या एखाद्या शौकिनानं हे पाहिलं असतं तर तो तिथंच खाली बसला असता.

मी लोकांसमोर बोलायला नको होतं, पण बोललो. "अण्णा, गाडीची वाट लावली तुमी. एक काम सांगितल्तं तुमाला."

अण्णांनी दोरीची गाठ एकदा ओढून बघितली. गाडी सुरू केली आणि चाळीसनं हसनाबादकडं निघाले. वाटेत एक ओळखीची बाई हात करून थांबली, तिला जालन्याच्या दवाखान्यातून गावाकडं जायचं होतं. अण्णांनी तिला मागं बसवलं. तिनं मला सांगितलं, जपानवाल्याची गाडी आहे म्हणून बरं आहे. पंचक्रोशीत तेच नाव पडलं होतं. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या पोरीची परीक्षा, कुणाचं डायलिसिस, सगळं जपानवाल्याच्या गाडीतून. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. माझं नाव सगळ्या रस्त्यावर धावत होतं आणि माझी गाडी कुठंच उरली नव्हती. घरी मायनं ताट वाढलं, मी उठून गेलो. आजही ते आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सलीमकडं भांडायला गेलो. किट त्यानंच बसवलं होतं. तो कपड्यानं हात पुसत म्हणाला, "भाई, अण्णा कू मैं ना कैसा बोलूं? महिनाभर रोज आके बैठते थे. बोले, गाडी चालू रही तो लडका आएगा."

सलीमला न सांगितलेली एक गोष्ट मी खिशात घेऊन फिरत होतो. जपानहून निघायच्या आठ दिवस आधी मी आणखी पाच वर्षांच्या कागदावर सही केली होती. शाचोंनी जुन्या गाड्यांचं काम देतो म्हणून शब्द दिला होता. शिवाय तिथं मला आता जगता येत होतं, आणि इथं नव्यानं सुरुवात करायची भीती वाटत होती. जालन्याच्या गॅरेजचं स्वप्न माझंच होतं आणि ते मीच मोडलं होतं. तरी गॅस किटसाठी मी बापावर डाफरत होतो.

परत निघायच्या दिवशी अण्णांनी मला कोठीत नेलं. कोपऱ्यात सरकीच्या बियाण्याची पाच पोती रचलेली होती, खाली विटा, वर ताडपत्री. त्यांनी पहिल्याचं तोंड सोडलं. आत माझ्या स्प्रिंगा होत्या, तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळलेल्या. दुसऱ्यात सायलेन्सर, बाकीच्यांत चाकं, स्टिअरिंग, एअर फिल्टर. प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली, अण्णांच्या जीपच्या वहीतल्या ठसठशीत अक्षरात. पुढचं उजवं. पुढचं डावं. सलीमनं काढलं, पोळ्याच्या आधी. नटबोल्ट औषधाच्या रिकाम्या डब्यांत. ज्या पोत्यात किरकोळ सामान होतं त्याच्यावर नुसतं माझं नाव.

"तूच म्हन्ला व्हता ना," अण्णा म्हणाले, "तिकडं काढतेत, जपून ठेवतेत अन् मंग परत लावतेत. आल्यावर लाव."

मी म्हटलं, "हौ."

सही केलीय हे सांगायला तेव्हा एक क्षण पुरला असता. मी तो घालवला. माणूस पंधराशे सीसीच्या इंजिनाचा दोष मिनिटात सांगतो आणि स्वतःचं एक वाक्य त्याच्या तोंडातून निघत नाही.

जपानला परत आलो तेव्हा पुन्हा पिवळ्या नंबरप्लेट. शाचोंनी दिलेलं जुन्या गाड्यांचं काम म्हणजे महिन्यातून एखादी, तीही धुवायला. चिडायचं कुणावर? अण्णांचा रविवारचा फोन मात्र चुकला नाही. पण आता मी ऐकताना डोळे मिटत नव्हतो.

गेल्या महिन्यात अण्णांनी फोन धरला आणि मला तालात खोट ऐकू आली. तीन ठोके बरोबर, चौथा गळायचा. मी म्हटलं, गॅस बंद करा, पेट्रोलवर घ्या. अण्णांनी बटण फिरवलं. तरीही चौथा ठोका गळत होता. म्हणजे दोष किटच्या सेटिंगमध्ये नव्हता. गॅसच्या कोरड्या जाळानं व्हॉल्व्हची बैठक झिजली होती. मला ज्याची भीती होती तेच झालं होतं. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडावं लागणार होतं, आणि ते हेड माझ्याशिवाय कुणी उघडायचं नाही असं आमच्यात पहिल्यापासून ठरलेलं. हसनाबादेत अण्णा वाट बघत होते.

"कसं वाटून राह्यलं?"

चांगलं आहे म्हणालो असतो तर ते आणखी चार महिने तशीच चालवत राहिले असते. मग एक दिवस एखाद्या बाळंतिणीला घेऊन गाडी रस्त्यात उभी राहिली असती.

"अण्णा, हेड उघडावं लागंल," मी म्हणालो. "सलीमकून उघडून घ्या. माझ्यासाठी थांबू नका. मी पाच वर्षांची सही करून आल्तो. तवा बोललो न्हाई."

इंजिन चालूच होतं. एक ठोका गळत, तीन पडत. मग अण्णांनी किल्ली फिरवली आणि पलीकडं एकदम शांत झालं. मागं मायनं विचारलं, काय म्हनतो? अण्णांनी फोन तोंडाशी धरला.

"पोती राहू देतो," ते मला म्हणाले. "उभी राह्यली तरी सोताला खात न्हाईत ती."

सलीमनं हेड उघडलं. मी फोनवर बघत होतो आणि दर पाच मिनिटाला त्याला टोकत होतो, तो दर पाच मिनिटाला शांतपणे बराबर म्हणत होता. चारही ठोके आता पडतात. गॅस किट तसंच आहे, कॅरिअरही, आणि ते केसाळ कव्हरवालं स्टिअरिंग बघून मला अजूनही वैताग येतो.

माझ्यासारखे परदेशी निघालेले मित्र विचारतात, तुझं घर आता कुठलं? त्यांना सांगायला माझ्याकडं विटांवर ठेवलेली पाच पोती आहेत. त्या पोत्यांचा मला राग येतो. कुणी एवढी वाट बघत असलं की माणसाला कुठंच नीट राहता येत नाही. तरी दर रविवारी, इंजिन ऐकून झालं की, मी विचारतो, कोठीत ओल तर नाही ना. अण्णा उठून जातात, हात लावून बघतात आणि येऊन सांगतात, कोरडी हायेत.