अण्णांचं चॅनेल

गडहिंग्लजात लगीन असू दे न्हायतर भाषण, कॉर्डलेस माईक गुंडूचाच. आपला माईक कधी खरखरला न्हाय, हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. माईक लावायच्या आधी तो हेडफोन चढवून हवेत कान द्यायचा. कुठल्या चॅनेलवर कोण बसलंय, कुठं मोकळं हाय, ते हुडकायचा आणि मोकळ्या जागेत शिरायचा.

ही शिकवण त्याचे वस्ताद, जुने माईकवाले शिवशरण अण्णांची. "एस्टीत शीट मोकळी दिसली म्हणून टेकू नको," अण्णा सांगायचे, "खिडकीतनं कुणी रुमाल टाकलाय का बघ." अण्णांच्या जुनाट सेटला चॅनेल एकच, पण सगळ्यांत साफ. अण्णा गावात असोत-नसोत, गुंडू त्याला हात लावत नसे.

अण्णा गेले. मठाच्या हॉलात शोकसभा ठरली. त्याच वेळी भिंतीपल्याडच्या कार्यालयात गुंडूला लग्नाची सुपारी. लगीन उरकून येतो, असा त्यानं निरोप धाडला आणि हेडफोन चढवला. लग्नसराईची सगळीकडं गर्दी. अण्णांचं चॅनेल तेवढं गप्प. माणूस गेला, जागा मोकळी झाली, असं म्हणून त्यानं तेच धरलं.

मंगलाष्टकं रंगात आली आणि कानात खरखर शिरली. खरखरीतनं एका बाईचा आवाज, "आमचं मालक..." शांतादेवी अव्वा, अण्णांची बायको. सभेला अण्णांचाच सेट लावला होता, आत्ता चालू केलेला.

भटजीच्या हातातला माईक घेऊन चॅनेल बदलायचं, एवढंच काम. पण मंगलाष्टक मधेच तुटलं असतं, मांडवात नाव गेलं असतं. गुंडू जागचा हलला न्हाय. अक्षता पडंपर्यंत हलला न्हाय.

मग तो मठात गेला. रिकाम्या खुर्च्यांत अव्वा एकटीच.

"तुजाच माईक व्हय रं?" ती म्हणाली. "सावधान सावधान, हितल्या स्पीकरातनं लई साफ ऐकू आलं. असा साफ आवाज दुसऱ्या कुणाचा गावात?"

गुंडू मान खाली घालून म्हणाला, "अव्वा, आता बोला की. मी लावून देतो."

"कुणापुढं?" अव्वानं खुर्च्यांकडं बघितलं. "दोनदा तोंड उघडलं, मग गप बसले. मंडळी हार घालून गेली."

हेडफोन अजून गुंडूच्या गळ्यातच होता. तो काढून कुठं ठेवावा, त्याला कळंना.