विधवा, मध्यप्रदेश

फोटोवाल्यांचा मला मनापासून राग आहे. घरच्या लग्नातसुद्धा कुणी कॅमेरा रोखला की मी उठून जाते. लोक म्हणतात, म्हातारी विक्षिप्त आहे. म्हणोत.

राज्यांची वाटणी नुकतीच झाली होती. नागपूर मुंबईकडं गेलं, आमचं सौंसर मध्यप्रदेशात राहिलं. दवाखाना मात्र नागपूरचाच. बाबा तिथं भरती होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरनं "सांगता येत नाही" म्हटल्यापासून आईच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. दुपारी नर्सनं आम्हाला बाहेर हाकललं. ऊन मी म्हणत होतं. समोर चित्रांचा एक हॉल उघडा दिसला, आत खुर्चीतल्या एका माणसाशिवाय चिटपाखरू नव्हतं. सावलीला म्हणून शिरलो.

भिंतीवर चित्रं नव्हती, फोटो होते. कोपऱ्यातल्या एकापाशी आई थांबली ती थांबलीच. फोटो तिचाच होता! मागच्या हंगामात आमच्या वावरात ती कापूस वेचत असताना एका शहरी माणसानं काढलेला. पण कपाळ कोरं, गळ्यात काळी पोत नाही. खाली चिठ्ठी डकवलेली: 'विधवा, मध्यप्रदेश'.

"माहं कुंकू कोनं पुसलं?" आई म्हणाली.

खुर्चीत बसलेला तो माणूस म्हणजेच तो फोटोवाला होता. आईला त्यानं ओळखलंही नाही. मी सांगितलं तर हसला मेला! "कुंकवामुळं चेहऱ्यावरचं दुःख उठून दिसत नव्हतं. ब्रशनं काढलं. करतो आम्ही असं."

माझं डोकंच फिरलं. "हिचा नवरा तिकडं खाटेवर पडलाय, उद्या त्याचं पोट चिरणार आहेत, अन् तू त्याला आजच मारून राहिला?"

"बाई, कला आहे ही. तुमच्याकडं नाही समजत."

तुमच्याकडं! कालपरवापर्यंत एकाच राज्यात होतो की रे!

मग उपकार केल्यासारखं त्यानं पेन्सिलीनं 'विधवा' खोडून 'स्त्री' लिहिलं. आईनं चिठ्ठीकडं पाहिलंसुद्धा नाही. "भाऊ, उद्याचा दिवस तरी हा खाली काढून ठेव. पाया पडतो तुह्या." माझ्या आईनं त्या माणसापुढं हात जोडले! आठवलं की आजही अंगाची लाही होते.

"संध्याकाळी पाहुणे येणार आहेत," तो म्हणाला, आणि घड्याळ पाहू लागला.

आईनं पदर खोचला, चौकट खिळ्यावरून उतरवली आणि मागचा पुठ्ठा ओरबाडून फोटो बाहेर काढला. आता कुठं तो खुर्चीतून उठला. "अहो, काय करताय? निगेटिव्ह खराब झालीय, तो एकच आहे!"

"माहा नवराबी एकच हाये," आई म्हणाली आणि तिनं तो टरकन फाडला.