भुईला न टेकलेला नारळ

तांदळाची गोणी कितीही झाडून रिकामी करा, घडी घालताना शिवणीतून मूठभर दाणे सांडतातच. आमच्या बोईसर बाजारातल्या मित्रमंडळींच्या किश्श्यांचं तसंच आहे. संपले संपले म्हणावं, तर दुपारी दुकानावर चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "शेठ, ती नारळाची गंमत सांगा ना!" मग गिऱ्हाईकसुद्धा साखरेची पुडी हातात धरून थांबतं.

तर ऐका. गोवा मोकळा होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. तारापूरला अणुभट्टीसाठी जमीन बघायला सरकारी जीपगाड्या येऊ लागल्या होत्या आणि मुंबईत ट्राम अजून धावत होती. त्या मे महिन्यात मी आणि माझा दोस्त काशिनाथ, दोघांनी मिळून गोव्याच्या बोटीची तिकिटं काढली. काशिनाथ तारापूरचा, सुक्या मासळीचा व्यापारी. मी निघालो होतो मजा करायला. त्याचं मात्र काम होतं. त्याची बहीण रत्नागिरीला दिलेली, बाळंतपण अगदी तोंडावर आलेलं, आणि सासरी करणारं कोणी नाही. आईला तिच्याकडे पोचवायचंच होतं. पुढच्या फेऱ्या सगळ्या भरलेल्या, त्यानंतर पावसाळाभर बोट बंद. ही बोट चुकली की संपलं!

काशिनाथच्या आईला सगळा गाव 'बाय' म्हणतो. बायचा जन्म दर्यावर गेला, पण तिची एक अट होती. "ज्या होडीला नारळ नाय दिला, त्या होडीत मी पाय नाय ठेवायची. मंग ती होडी सायबाची असूंदे नायतर सरकारची!"

नारळही तिने घरूनच आणला होता. शेंदूर लावलेला, तांबड्या फडक्यात बांधलेला. तो तिच्या नातीने, काशिनाथच्या नऊ वर्षांच्या चंद्रीने, आपल्या हाताने दर्याला द्यायचा. आणि देईपर्यंत भुईला टेकवायचा नाही.

"टेकला तर?" मी विचारलं.

"मी सांजच्या गाडीनं परत तारापूर!"

*

बोट सकाळी सुटते. आमच्याकडची गाडी त्या वेळेला काही पोचत नाही. म्हणून आदला दिवस मुंबईत काढायचा असतो. बाय माझगावला नात्यातल्यांकडे पाय पसरून बसली, काशिनाथ सामान घेऊन धक्क्यावर गेला, आणि पोरं माझ्या गळ्यात पडली. का, तर म्हणे शेठला मुंबई पाठ आहे! मला मुंबई पाठ होती ती मशीद बंदरातल्या घाऊक दुकानांपुरती. पण हे पोरांना कोण सांगणार?

पोरं तीन. चंद्री, माझा प्रकाश, आणि माकुणसारच्या एका बागाईतदार मित्राचा गुंड्या. गुंड्या सहा वर्षांचा, भूक मात्र साठ वर्षांची! आणि चौथा नारळ.

पहिली ट्राम. चंद्री खिडकीशी बसली, नारळ दोन्ही हातांत वर धरून. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि थबकला.

"काय गं, मांडीवर ठेव की. हात दुखतील."

"मांडीवरून खाली घरंगळला तर? तो पयल्यांदाच बसलाय ट्राममदी."

कंडक्टरने टोपी मागे सारली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "शेठ, याचं हाफ तिकीट पकडू, की कडेवरचं पोर म्हणून सोडून देऊ?"

*

राणीच्या बागेत गेलो. हत्तीभोवती ही गर्दी! लोक केळी देत होते, हत्ती सोंडेने घेत होता. प्रकाशने केळं दिलं. गुंड्याने अर्धं दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. मग सोंड वळली ती थेट तांबड्या फडक्याकडे.

बाकीची पोरं किंचाळत मागे पळाली. चंद्रीने नारळ एका काखेत दाबला आणि दुसऱ्या हाताने सोंडेवर अशी चापट ठेवून दिली की हत्ती बिचारा गोंधळून एक पाऊल मागे सरकला.

माहूत धावत आला. "अगं पोरी, हत्तीला मारतेस? भीती नाही वाटत?"

चंद्री म्हणाली, "आमी वळणीवरच्या बोंबलांवरनं दिसभर कावळे हाकतो. ह्यो जरा मोठा कावळा."

*

तिथून चर्नी रोडला, माशांच्या संग्रहालयात. काचेमागे हिरवा उजेड, मासे फिरताहेत, शहरातली माणसं कुजबुजत बघताहेत, जसं काही देवळात आलीत! आमच्या पोरांनी आयुष्यात मासे बघितले ते टोपलीत. जिवंत मासा असा निवांत फिरताना बघून चंद्रीसुद्धा गप्प झाली. पण फार वेळ नाही.

"ह्यो कालवनात बरा," ती प्रकाशला समजावू लागली. "ह्यो तळून. ह्याला नुसते काटे, ह्यो मांजराला."

शेजारी एक बाई आपल्या मुलाला पाटीवरचं इंग्रजी नाव वाचून दाखवत होत्या. मुलगा म्हणाला, "मम्मी, आपण त्यांच्या मागून जाऊया ना!" आणि ती दोघंही आमच्या मागून फिरू लागली.

दाराशी पहारेकरी स्टुलावर बसला होता. गुंड्याने त्याच्या गुडघ्याला हात लावला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "काका, सांजला उरलेले मासे तुमी कोनाला देता?"

*

दुपारी इराण्याकडे शिरलो. ब्रून पाव-मस्का आणि चहा आला, आणि पंचाईत झाली. चंद्रीला खायला दोन्ही हात हवेत! प्रकाशचे हात मस्क्याने माखलेले, गुंड्याच्या हातात खाण्याची वस्तू द्यायची सोय नाही, आणि मी मोरीवर हात धूत होतो. चंद्री उठली, सरळ गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या इराण्यापाशी गेली आणि नारळ त्याच्या हातात ठेवला.

"धरा. भुईला नको. टेबलाला पन नको, टेबल भुईवर हाय."

इराणी एवढा चकित झाला की त्याने धरला! सुट्टे पैसे डाव्या हाताने देत राहिला, पानी कम चाय डाव्या हातानेच मागवत राहिला. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तांबड्या फडक्यातला नारळ बघून विचारायचं, "शेठ, आज कसला मुहूर्त?"

चौथ्यांदा कोणी विचारल्यावर इराणी ओरडला, "मुहूर्त-बिहूर्त काय नाय! ती छोकरी खाते हाय!"

*

आता मुंबईत आलो आणि मशीद बंदरात डोकावलो नाही, असं माझ्याकडून झालेलं नाही. चिंचेचा भाव विचारून येऊ म्हटलं. आमचे जुने गुजराती व्यापारी शेठ गादीवर बसले होते. चंद्री आणि गुंड्या गुळाच्या ढेपांवर चढली. चंद्रीला डुलकी लागलेली, म्हणून नारळ माझ्या हातात होता. गादीवर ठेवायची सोय नव्हती, म्हणून मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरून त्यांच्यासमोर बसलो. शेजारी प्रकाश, नवा शर्ट घालून, केसाला तेल लावून.

शेठ माझ्याकडे बघतात, नारळाकडे बघतात, प्रकाशकडे बघतात. चेहरा गंभीर झाला. आतून पेढे मागवले. म्हटलं, आज चिंचेला एवढा मान?

पेढे आले. शेठनी एक माझ्या हातावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "घर सारूं छे, तमे जूना ओळखाणवाळा छो. पण छोकरो तो हजी नानो छे!"

म्हणजे घर चांगलं, ओळख जुनी, पण मुलगा अजून लहान! त्यांच्या घरी लग्नाची मुलगी होती, आणि त्यांच्याकडे सोयरीक जुळवायला श्रीफळ घेऊन येतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! मी खुलासा केला तेव्हा शेठ पोट धरून हसले. चिंच मात्र पैभरही स्वस्त दिली नाही. आणि पेढे तोवर गुंड्याने संपवले होते.

*

रात्री माझगावला नारळ टांगायचा कुठे? घरात एकच झोळी, ती तान्ह्या बाळाची. नारळ झोळीत झोपला, बाळ चटईवर.

सकाळी धक्क्यावर गेलो. बोट बघून पोरांचे डोळे विस्फारले. काशिनाथ सामान चढवून बोटीवर चढायच्या फळीपाशी उभा. सगळं कसं वेळेत! चंद्री धक्क्याच्या कडेला गेली, नारळ कपाळाला लावला, एवढ्यात हवालदाराची शिट्टी.

"ए! पाण्यात काही टाकायचं नाही! बंदी आहे!"

मी विनवलं, काशिनाथने हात जोडले. हवालदार आपला "बंदी म्हणजे बंदी." बायने हे ऐकलं, आणि फळीच्या तोंडाशी गाठोडं टाकून त्यावर बसली. तिच्या मागे सगळी रांग अडली. बोटीने पहिला भोंगा दिला.

"आये, ऊठ ना! ताई वाट बघतेय!" काशिनाथच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माजी लेक हाय ती. मला काय जायचं नाय?" बायचाही आवाज चिरकला. "पर बिननारळाच्या होडीत बसून मी तिच्याकडं काय अपशकून घेऊन जाऊ?"

वर कठड्याशी बोटीचा सारंग उभा होता. खलाशांचा मुकादम, रत्नागिरीकडचाच, पिकल्या दाढीचा. तो खाली उतरला. "बाय, बोट दर्यात गेली की मी स्वतः पोरीला पुढे नेतो. तिथे सोडू दे नारळ. चालेल?"

"आनि तवर भुईला टेकला तर?"

सारंगाने क्षणभर दाढी खाजवली.

"बाय, बोटीवर भुई आहेच कुठे?"

बायने त्याच्याकडे बघितलं. बोटीकडे बघितलं. मग उठली, गाठोडं उचललं आणि चढली! मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. हवालदारानेही.

*

बोट उघड्या दर्यात आली तशी सारंगाने बोलावलं. चंद्री नारळ घेऊन निघाली, तर बायने तिचा फ्रॉक धरला.

"थांब. आदी पोचवूंदे. मंग देऊ."

मी जन्मभर व्यापार केला, पण माल पोचल्याशिवाय दर्यालाही काही न देणारी बाय ही एकच!

रत्नागिरीला तेव्हा बोट धक्क्याला लागत नसे. लांब उभी राहायची आणि माणसांनी मचव्यात उतरायचं. आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली, लाटा उठलेल्या. खाली मचव्यात बायचा जावई उभा होता. "अजून नाही, पण लवकर चला!" असं ओरडत होता. बाय शिडीवरून तरण्या पोरीसारखी उतरली. मागून काशिनाथ. चंद्रीला शिडी धरायला दोन्ही हात हवे होते. तिने नारळ सारंगाकडे दिला आणि उतरली. तेवढ्यात लाट आली, मचवा सुटला, आणि नारळ वरच राहिला!

"काका, भुईला नको टेकवू!" अंधारातून चंद्री ओरडली.

"नाही टेकवणार!" सारंगही ओरडून बसला.

*

प्रकाश, गुंड्या आणि मी गोवा बघून परत फिरलो. नशिबाने पणजीला तीच बोट लागली. सारंग भेटला तर हात रिकामे.

"नारळ?" मी घाबरून विचारलं.

"पाळीवर आहे," सारंग म्हणाला. "आत्ता इंजिनातल्या माणसाकडे. मग भटारखान्याकडे. शब्द दिलाय ना शेठ पोरीला! एकट्याने कसं जमणार?"

रत्नागिरीला मचवा आला. काशिनाथ वर चढला, पाठोपाठ चंद्री. बाय लेकीपाशी राहिली होती.

"आत्याला पोरगी झाली!" चंद्री सगळ्या बोटीला ऐकू जाईल असं म्हणाली. "आजीच्या हातावर झाली. आजी म्हनते, पोचवलं नीट, आता दे नारळ."

सारंगाने नारळ आणून तिच्या हातात ठेवला. तिने तो फडक्यातून काढला, सगळीकडून फिरवून नीट तपासला. मग कपाळाला लावला आणि कठड्यावरून सोडला. नारळ बुडाला, वर आला, लाटांवर डुलत किनाऱ्याकडे निघाला. चंद्री बराच वेळ बघत राहिली. मग सारंगाकडे वळून, बायसारखेच डोळे बारीक करून तिने विचारलं,

"रातचा कोनाकडं होता?"

 सारंगाने नुसतं वर बोट दाखवलं.

वर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले कप्तानसाहेब उभे होते, आणि डाव्या हाताने आपला उजवा खांदा चोळत होते.