गिरमिटाला घातलेला हार

प्रयोगशाळेच्या दारात मॅम आधी आमच्या केसांकडे बघायच्या. गजरा दिसला की बोटानेच बाहेरचा कट्टा दाखवायच्या. एखादी कुरकुरायची, "मॅम, अबोली आहे, वास पण नाही तिला."

"वासाचं कोण बोलतंय? कण पडतात, बाई. मग मी वय कोणाचं काढू? दगडाचं की तुझ्या गजऱ्याचं?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, लग्नाच्या मांडवातही पायाखालची माती बघणारं.

मी इंग्रजी शाळेतली. 'परागकण' हा शब्दच मला मॅमनी दिला. तळ्याच्या गाळात त्या त्या काळच्या झाडांचे परागकण थराथराने अडकतात आणि हजारो वर्षं टिकतात. कुठल्या थरात कुठली झाडं हे कळलं, की त्या थरातल्या दगडी हत्यारांचा काळ ठरवता येतो. ठाण्यातल्या त्या कोंदट खोलीत त्यांनी मला हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून शिकवलं. मी फार बोलत नसे. त्यांना ते चालायचं.

शीळफाट्याच्या पुढे टेकडीखाली एक बुजलेलं तळं होतं. त्याच्या गाळात गारगोटीची बारीक पाती सापडली. तिथे एका बिल्डरचे टॉवर येणार होते. पाती खरंच आदिमानवाच्या काळातली ठरली तर काम थांबणार, नाहीतर नाही. तपासणी समितीने मॅमचा अहवाल मागवला.

नमुने काढायच्या आदल्या दिवशी दसरा होता. मॅम देवळात जात नसत. पण त्यांचे वडील कोलशेतच्या कारखान्यात फिटर होते, दरवर्षी आपल्या मशीनला हार घालायचे. म्हणून मॅमही दसऱ्याला माती काढायच्या गिरमिटाला झेंडूचा हार घालायच्या, कल्याणच्या बाजारातून स्वतः आणून. "देवाचं मला माहीत नाही," त्या म्हणायच्या, "पण हत्याराचे उपकार मानायला काय जातं?" हार प्रयोगशाळेत नाही, बाहेरच्या शेडमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरमिट त्यांनीच घासून धुतलं.

पुढे नमुने तपासताना सगळ्यात खालच्या थरात, पात्यांच्याच थरात, काटेरी गोल दाण्यांचा एक पुंजका दिसला. मॅम बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात.

"झेंडू," त्या म्हणाल्या.

झेंडू आपल्याकडे आला तो समुद्रापलीकडून, अगदी अलीकडे. आदिमानवाने तो पाहिलेलाच नाही.

मी धीर करून म्हटलं, "मॅम, या कुळातली देशी फुलंसुद्धा अशीच दिसतात ना? कोणाला कळणार?"

"कोणालाच नाही." त्या हसल्या. "पण हार मीच घातलाय ना गं. गिरमिटाच्या सांध्यात पराग राहिला असणार."

अहवालात त्यांनी पुंजका लिहिला, हारही लिहिला, आणि पुन्हा नमुने घेण्याची परवानगी मागितली. समितीपुढे बिल्डरचा तज्ज्ञ म्हणाला, "एका थरात झेंडू निघाला, मग बाकीच्या थरांवर विश्वास कसा ठेवायचा?" मॅमनी मान डोलावली. त्यांनीही हेच विचारलं असतं. काळ सिद्ध होत नाही, असा निर्णय झाला आणि काम सुरू झालं. नव्या नमुन्यांची परवानगी त्यानंतर आली.

आम्ही गिरमिट घेऊन पोचलो तेव्हा तळ्याच्या जागी खड्डा होता. गाळ डंपरमध्ये भरलेला.

"मावशी, साइडला व्हा ना, रिव्हर्स घेतोय," ड्रायव्हर ओरडला.

"कुठे नेताय ही माती?"

"भरावाला, खाडीकडे."

मॅमनी टाचा उंचावून डंपरमधून मूठभर माती काढली. काळा गाळ, लाल मुरूम, सिमेंटच्या गोणीचा तुकडा. खालचं वर, वरचं खाली.

"कुंडीला पाहिजे काय?" ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला. "घ्या की बिनधास्त. एक नंबर माती आहे, काय पण लावा, येईल."

मॅमनी मूठ उघडली. डंपर निघून गेला.

मागे आणखी डंपर उभे होते. मी हाक मारायच्या आत मॅम पुढच्याकडे चालू लागल्या, मूठभर मातीसाठी हात पुढे करून.