अस्वलाच्या केसातलं जेवण

माझी आत्या प्रयोगशाळेत जंगली जनावरांचे केस तपासते. मांस जितकं जास्त खावं, तितका नायट्रोजनचा जड प्रकार केसात जास्त उतरतो. महिनोन्महिने पोटात काय गेलं ते त्यावरून कळतं. यंत्र नीट चालतंय ना हे बघायला ती दरवेळी आधी स्वतःचा केस उपटून त्यात घालते.

मेंढ्या खातंय म्हणून एका अस्वलाला गोळी घातली. त्याचे केस तिच्याकडे आले, तेही मेल्यावर! उन्हाळाभर त्यानं मुळं आणि फळंच खाल्ली होती. आत्याचं डोकंच फिरलं. गोळीचा हुकूम देणारे वनाधिकारी आले, तेव्हा तिनं तपासणीचा कागद टेबलावर आपटला.

"त्याच्यापेक्षा जास्त मांस माझ्या केसात आहे. मग मला कसं सोडलंत?"

"अहो मॅडम, सगळं गाव त्याचंच नाव घेत होतं."

"ते झाडाला अंग घासतं, खोडाला मूठभर केस चिकटलेले असतात. ते आधी आणायला काय झालं होतं?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बरं, अहवाल पाठवा सावकाश. आता काही घाई नाही."

आत्यानं दार उघडून धरलं. "हो ना. घाई तेवढी गोळी घालताना होती."