उन्हात ठेवलेली बॅटरी

आमच्या घरातला कुठलाच सेल आजवर एका मरणानं मेला नाही. टॉर्चचा असो, रेडिओचा असो, भिंतीवरच्या घड्याळाचा असो, तो संपला की दादा त्याला उन्हात ठेवणार. दादा म्हणजे माझे वडील. नांदेडजवळ विष्णुपुरीला धरणाच्या पंपहाऊसवर ते ऑपरेटर होते आणि तिथल्या पाळीत टॉर्चशिवाय पाऊल टाकायची सोय नव्हती. दोन तास ऊन खाल्लेला सेल आणखी दोन दिवस काढतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. सेल दोन्ही अंगांनी तापला पाहिजे म्हणून आम्ही भावंडं गच्चीवर जाऊन ते पापडासारखे उलटवायचो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते ऐकून लोक दादांना हसले आणि मला ते अजून पचलेलं नाही.

दादा गातात. विहारात वंदना तेच सांगतात आणि जयंतीला आमच्या वस्तीतली भीमगीतं त्यांच्याशिवाय सुरू होत नाहीत. आधी हार्मोनियमही स्वतःच वाजवायचे. रिटायर झाल्यावर बोटं आखडली, भाता ओढवेना, तेव्हा मी त्यांना इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन दिला. टिफिनएवढा डबा, बटण दाबलं की सूर चालू. आत चार्जिंगची चपटी बॅटरी, त्यामुळं लाईट गेली तरी अडत नाही. दादांनी त्याचं नाव सूरपेटी ठेवलं. झोपताना ती उशाशी चार्जिंगला लावायची आणि पहाटे डोळे उघडायच्या आधी बटण दाबायचं, असा त्यांचा नेम. माय म्हणायची, एवढी वर्षं सवत आणली न्हाई म्हणून फुशारकी मारायचे, आता उशाशीच आणून ठेवली.

यंदा फेब्रुवारीत त्या पेटीची बॅटरी बसली. मी लातूरला राहते, औशाकडच्या एका शाळेत शिकवते. दादांचा फोन आला की जयंतीची तालीम सुरू व्हायची हाय, तेवढी बॅटरी बघ, पण कंपनीचीच घे. मी विष्णुपुरीहून पेटी आणली आणि ती घेऊन लातूरच्या बाजारात फिरले. कंपनीची बॅटरी बाहेरून मागवावी लागते, महिना लागेल, असं दोन दुकानांत सांगितलं. तिसऱ्या दुकानात एकानं ड्रॉवरमधून एक चंदेरी पाकीट काढलं. मापाला बरोबर, वायरही जुळत होती. तो माणूस खोटं बोलला नाही, हे कबूल केलं पाहिजे. त्यानं सरळ सांगितलं की म्याडम, ही कंपनीची न्हाई, पण चालायला सेम टू सेम.

मी ती बसवून घेतली, शनिवारी विष्णुपुरीला गेले आणि पेटी दादांच्या हातात दिली. त्यांनी विचारलं, "कंपनीची हाय ना?"

"हाव," मी म्हणाले.

एवढंच. दोन अक्षरांचं खोटं. वर्गात एखादं लेकरू गृहपाठाची वही घरी राहिली म्हणालं तर मी त्याच्या घरापर्यंत जाणारी बाई. माझ्यापुढं खोटं बोलायला आमच्या हेडमास्तरांची छाती होत नाही. आणि मी वडिलांशी खोटं बोलले ते कशासाठी, तर महिनाभर त्यांचे रोजचे फोन नकोत म्हणून. दादांनी बटण दाबलं, सूर लागला, ते खूश झाले. मीही खूश.

एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा गेले तेव्हा दादा कुरकुरत होते. बॅटरी तासभरही टिकत नव्हती. पेटीचं मागचं झाकण वर आलं होतं आणि त्यांनी ते रबर लावून दाबून धरलं होतं. मी काय करावं? मी त्यांनाच सुनावलं, की तुम्ही उघडून बघितली असणार, नीट बसवली न्हाई, म्हणून झाकण लागत न्हाई. ते म्हणाले, मी हात लावला न्हाई. मी म्हणाले, मग काय आपोआप उघडली? त्यांनी रबर पुन्हा ताणून बसवलं. चोर तो चोर, वर शिरजोर, ही म्हण मी पोरांना दरवर्षी शिकवते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मायनं गच्चीवर बाजेवर जुनं लुगडं अंथरून कुरडया घातल्या होत्या. ऊन असं की उघड्या पायानं वर जाता येत नव्हतं. दादांनी सकाळीच पेटीतून बॅटरी काढली आणि बाजेशेजारी पत्र्याच्या तुकड्यावर ठेवली. मला नंतर कळलं. जेवणाच्या आधी ते उठले आणि म्हणाले, उलटवून येतो. मला वाटलं, कुरडया उलटवायला चाललेत. म्हाताऱ्या माणसाला उन्हात कशाला, मी उलटवते, असं म्हणत मी त्यांच्या मागं जिना चढले.

मी शेवटच्या पायरीवर होते. दादा पत्र्याजवळ वाकले होते आणि त्यांचा हात पुढं गेला होता. आधी फुस्स असा आवाज आला, गॅसची नळी सुटल्यासारखा, आणि मग एकदम पांढरा धूर. त्या धुरातून जाळ निघाला. बॅटरी टुणकन उडाली आणि बाजेवरच्या लुगड्यावर पडली. लुगडं पेटलं, कुरडया पेटल्या, आणि दादांनी डाव्या हातानं ते पेटतं लुगडं ओढून बाजूला फेकलं. मी हे सगळं बघत होते. तळहाताएवढी वस्तू. जी मी पर्समध्ये घालून, मांडीवर घेऊन, साडेतीन तास एसटीत आणली होती, ती माझ्या बापापुढं भडभडा जळत होती. मायनं बादली आणून ओतली तेव्हा कुठं मला पाय असल्याची जाणीव झाली.

दादांची डावी तीन बोटं भाजली होती. भुवया जळून गेल्या होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं विचारलं तर माझ्या आधी दादाच बोलले, की बॅटरी उन्हात ठेवली मी, चूक माझीच. डॉक्टर तरुण होते, त्यांनी कपाळाला हात लावला. अशी बॅटरी कुणी उन्हात ठेवतं का आजोबा, म्हणाले. मी शेजारी उभी होते. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. जो येई तो भुवया बघून हसे आणि मग हात बघून गप्प होई. शेजारचे एक काका बसता बसता म्हणाले, साठी बुद्धी नाठी म्हणतेत ते काय उगं न्हाई. दादाही हसले. पण लोक गेल्यावर त्यांनी आतून त्यांचा स्क्रूड्रायव्हर, पक्कड, टेस्टर ठेवलेला डबा आणला आणि मायला म्हणाले, हा कुणाला तरी देऊन टाक. वस्तीतला पंखा बंद पडो की विहारातला माईक, तीस वर्षं सगळं त्यांच्याच हाताखालून गेलं होतं. पंपहाऊसवर त्यांच्या पाळीत एकदाही मोटर जळली नाही, हे ते पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी सांगायचे. मग विहारातल्या मंडळींना निरोप गेला की यंदा जयंतीला मी गाणार न्हाई, दुसरं कुणी बघा.

मी म्हणाले, बोटं भाजली, गळा थोडाच भाजला? त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, माझं डोकं आता ठिकाणावर राहिलं न्हाई. कंपनीची चांगली वस्तू मी जाळली. उद्या स्टेजवर कडवं विसरीन. माझ्या हातात आता काही देऊ नका."

तिथं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भुवया नसलेला तो चेहरा समोर असताना मला माझंच थोबाड वाचवावंसं वाटलं, याची अजून लाज वाटते.

लातूरला परतताना मी पेटी आणि ती जळकी बॅटरी दोन्ही सोबत घेतली. बॅटरी मायनं घमेल्यातल्या वाळूत पुरून ठेवली होती, ती वाळूसकट बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातली. दुकानदाराची सालटी काढायची असं ठरवूनच गेले. तर तो शांतपणे म्हणाला, म्याडम, मी तुम्हाला सांगूनच दिली होती. माझी अर्धी वाफ तिथंच गेली. त्यानं मला त्याच गल्लीत मागं एका मिस्त्रीकडं धाडलं. बँडवाल्यांचे कीबोर्ड, पॅड, असली वाजवायची यंत्रं दुरुस्त करणारा वयस्क माणूस. डोळ्याला भिंग लावून बसलेला.

मी त्याला सगळं सांगितलं, उन्हाचंही सांगितलं. वाटलं, हाही हसणार. तो हसला नाही. त्यानं आधी बॅटरीची राख चिमट्यानं उलटीपालटी केली आणि म्हणाला, कंपनीच्या बॅटरीच्या तोंडाशी एक बारीक पट्टी असती, जास्त चार्ज झाला की तोडणारी, हिला ती न्हाईच. मग त्यानं पेटीचं मागचं झाकण उचललं आणि दिव्याखाली धरलं. आतलं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात वितळून गोळा झालं होतं. मी ते तोवर बघितलंच नव्हतं.

"ही उन्हानं गेली न्हाई म्याडम," तो म्हणाला. "उन्हानं फार तर चार तास आधी गेली म्हणा. ही आतच फुगून राहिली होती, चार्जिंगला लावली की तापून राहिली होती. झाकण वर आलं होतं का?"

"आलं होतं."

"मग आज न्हाई तर उद्या हे होणारच होतं. चार्जिंगला कुठं लावायचे?"

मी म्हणाले, उशाशी.

त्यानं भिंग काढून टेबलावर ठेवलं. मी त्याच्या समोरच्या स्टुलावर बसले. डोळ्यांपुढं दादांची उशी आली, शेजारी मायची उशी आली, वरची मच्छरदाणी आली. तो पांढरा धुराचा लोट गच्चीवर मोकळ्या हवेत निघाला होता. एक रात्र इकडं की तिकडं, तोच मच्छरदाणीत निघाला असता. ज्या येडेपणाला सगळी वस्ती हसली, त्या येडेपणानं दादांनी बॅटरी पेटीतून काढून घराबाहेर ठेवली होती. आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांना वाटत होतं, आपली बुद्धी गेली.

पुढचा शनिवार येईपर्यंत मी वर्गात काय शिकवलं, मला आठवत नाही. शाळा सुटल्यावर पेटी घेऊन तशीच स्टँडवर गेले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. आधी मिस्त्रीचं सांगावं, मग दुकानात बॅटरी नव्हती हे सांगावं, मग हळूच आपलं. दर वेळी ते वाक्य शेवटी जायचं.

दादा ओट्यावर बसले होते, हाताला पट्टी. विहारातून तालमीचा आवाज येत होता आणि कुणीतरी दादांचं गाणं त्यांच्यापेक्षा वरच्या पट्टीत ओढत होतं. दादा ऐकत होते, पण मान हलत नव्हती. मी माझी सगळी जुळवाजुळव विसरले. चप्पल न काढता मी म्हणाले, "दादा, बॅटरी कंपनीची नव्हती. मी खोटं बोलले."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "परत सांग."

मी परत सांगितलं. मिस्त्रीचं सांगितलं, बॅटरीतल्या त्या तोडणाऱ्या पट्टीचं सांगितलं, वितळलेला कोपरा झाकण काढून दाखवला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, दोनदा फिरवला.

"म्हंजी उन्हानं न्हाई झालं."

"न्हाई. उन्हात ठेवली म्हणून तुम्ही दोघं वाचलात."

"म्हंजी माझं डोकं ठिकाणावर हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी आत मायला हाक मारली. अवं ऐकलं का, माझं डोकं ठिकाणावर हाय म्हणती. माय पदराला हात पुसत आली, तिला काही कळेना. दादा हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं होतं, ते रागावतील. मी त्या रागाची तयारी करून आले होते. असा आनंद मला सोसेना, मी तिथंच पायरीवर बसून रडले. मायनं हत्यारांचा डबा कुणाला दिलाच नव्हता. ज्वारीच्या कोठीमागून तो काढून तिनं त्यांच्यापुढं ठेवला.

त्याच संध्याकाळी ते विहारात गेले. बॅटरीच खराब निघाली, एवढंच त्यांनी लोकांना सांगितलं. ती कुणी आणली आणि काय सांगून आणली, ते आजपर्यंत त्यांच्या तोंडून बाहेर गेलेलं नाही. जयंतीला गायले. पेटी सरळ वायरीवर लावली होती, डावा हात पट्टीत, भुवयांच्या जागी जेमतेम काळी रेघ. एक कडवंही विसरले नाहीत.

आता त्यांच्या बीपीच्या गोळ्या मी लातूरहून आणते. दर महिन्याला पिशवी त्यांच्या हातात देते. आधी ती पिशवी न बघता फळीवर जायची. आता ते चष्मा लावतात, एकेक पट्टी काढून उजेडाला धरतात आणि माझ्यासमोर बसून तिच्यावरचं सगळं वाचतात, पुढून आणि मागून.