इंजिनाला सलाईन

माझ्या बायकोला मी मोटरसायकलवर मागे बसवून, सलाईन लावून पवईच्या एका हॉस्पिटलात नेलं, त्या दिवशी तिची तब्येत उत्तम होती.

दोष गाडीचा. (म्हणजे दोष माझाच, पण सुरुवात गाडीने केली!) वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी लांब पल्ल्याची दणदणीत मोटरसायकल घेतली. बायकोला, म्हणजे वर्षाला, मागे बसवून मरोळहून थेट मालवणला गावी जायचं, हे माझं कॉलेजपासूनचं स्वप्न. पण गाडी सिग्नलला थांबली की इंजिन असं काही तापायचं की मांडीवर पापड भाजून घ्यावेत! मी ते हौसेचं मोल समजून सोसत होतो. वर्षा सोसणाऱ्यांतली नाही.

‘‘नंदू, ही गाडी आहे की तंदूर?’’ ती एकदा सिग्नललाच उतरली आणि रिक्षाने घरी गेली.

मी सगळे उपाय केले. ऑइल बदललं. सायलेन्सरच्या पाईपला गुंडाळायची पट्टी आणून स्वतःच गुंडाळली. पहिल्यांदा तापली की ती धूर सोडते, हे मला माहीत नव्हतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही नव्हतं. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, गाडीवर कमी आणि माझ्यावर जास्त. पट्टी त्याच दिवशी उतरली.

शेवटी वर्षाने निकाल दिला. ‘‘रविवारी आपण मुलुंडला माझ्या आईकडे जाऊ. पोचेपर्यंत पाय भाजला तर गाडी विकायची. नाही भाजला तर मालवणला येते तुझ्यासोबत. बोल!’’

मी बोललो. दुसरं करतो काय!

मला वाचवायला माझी आई धावून आली. तिचं अख्खं बालपण मालवणात गेलंय. ‘‘अरे, खिडकेक वाळ्याचो पडदो लावतत ना उन्हाळ्यात? ओलो केलो की वारो कसो थंड येता! तसो हेका लाव.’’

मला एकदम पटलं. आईने माळ्यावरचा जुना वाळ्याचा पडदा काढला, कापला, आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी गार्डला सुतळीने शिवून टाकला. आता प्रश्न एवढाच की मुलुंडपर्यंत तो ओला ठेवायचा कसा? तो सोडवला तळमजल्यावरच्या कुंदाताईंनी. त्या निवृत्त नर्स. ‘‘थेंब थेंब पाणी हवंय ना? मग सलाईनसारखं दुसरं काही नाही!’’ त्यांनी घरातली सलाईनची रिकामी बाटली पाण्याने भरून नळीसकट दिली. मी मागच्या पेटीला पडद्याचा रॉड बांधला, त्यावर बाटली टांगली आणि नळी वर्षाच्या हाताजवळून खाली वाळ्यापर्यंत आणली. खालून वर पाहिलं. झकास!

‘‘लोक काय म्हणतील?’’ वर्षाने विचारलं.

‘‘लोकांचे पाय भाजतात का?’’ मी म्हणालो. (या एका वाक्याचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.)

निघालो. आणि काय सांगू, वाळ्याचा असा सुगंध सुटला की आपण रस्त्यावर नसून सरबतात आहोत असं वाटावं! मे महिन्यातल्या भर दुपारी गुडघ्यांना गार वारा! थोड्याच वेळात माझ्या पाठीला वर्षाचं हेल्मेट टेकलं. बाईसाहेब झोपल्या होत्या! माझ्या गाडीवर! मला रडू यायचंच बाकी होतं.

पवईला नेहमीप्रमाणे गाड्यांचा खच पडला होता. मी धसकलो, कारण गाडी थांबली की इंजिन तापणार आणि वर्षा जागी होणार. एवढ्यात शेजारचा रिक्षावाला वाकून बघायला लागला. वर बाटली, खाली नळी, मध्ये मान टाकलेली बाई.

‘‘अरे बाप रे! पेशंट है! साइड दो, साइड दो!’’

‘‘नाही नाही, ती झोपलीय...’’ मी हेल्मेटमधून म्हणालो.

‘‘बेहोश है!’’ तो ओरडला.

बघता बघता रस्ता दुभंगला! बस बाजूला, टेम्पो बाजूला, एका गृहस्थाने तर आपली नवी कोरी गाडी फुटपाथवर चढवली. मला थांबून खुलासा करायचा होता, देवाशपथ! पण थांबलो असतो तर इंजिन तापलं असतं. मग कुठूनसा एक ट्रॅफिक हवालदार मोटरसायकलवरून आला. ‘‘घाबरू नका साहेब, माझ्या मागे या!’’ म्हणत त्याने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. मागे दहा-बारा जणांची वरात. पळायची गल्लीच उरली नाही आणि मी थेट हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभा राहिलो.

दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावले. त्यांनी वर्षाला उचललं आणि ती जागी झाली.

‘‘ए! कोण रे तुम्ही? सोडा मला! नंदू, हे मुलुंड नाहीये!’’

‘‘शुद्धीवर आली!’’ वरात आनंदाने ओरडली.

एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वर्षाचा एक हात तपासला, मग दुसरा. ‘‘सुई कुठे लावलीय?’’ त्या नळी धरून खाली खाली जात वाळ्याच्या पडद्यापाशी पोचल्या. सगळे वाकून बघत होते.

‘‘सलाईन इंजिनाला लावलंय?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणजे अगदी हळूहळू सोडलंय.’’

हवालदाराचा चेहरा वाळ्यापेक्षा सुकला. ‘‘अहो, तुमच्यासाठी मी अख्खी पवई थांबवली! पेशंट कुठाय?’’

मी वर्षाकडे पाहिलं. ती संतापाने लाल झाली होती. पण बाई सच्ची! दात-ओठ खात का होईना, म्हणाली, ‘‘एक मात्र खरंय. पाय जरासुद्धा भाजला नाही.’’

जिंकलो! मालवण! मी आनंदाने उडी मारली. अर्धी पँट घालून गाडीच्या बाजूला उडी मारू नये. वाळ्याचा पडदा इंजिनाला होता, सायलेन्सर उघडाच होता, आणि माझी उघडी पोटरी सरळ त्याच्यावर जाऊन बसली. माझी किंकाळी पवई तलावापलीकडे गेली असेल.

‘‘चला,’’ हवालदार समाधानाने म्हणाला, ‘‘पेशंट मिळाला एकदाचा!’’

मला त्याच स्ट्रेचरवरून आत नेलं. शेजारी चालता चालता वर्षा गोड आवाजात म्हणाली, ‘‘पाय भाजला तर गाडी विकायची असं ठरलं होतं ना? कुणाचा, ते कुठे ठरलं होतं?’’

आईला आम्ही काहीच सांगितलं नाही. वाळ्याने काम केलं म्हणून ती इतकी खूश होती! पायाला खरचटलंय, एवढंच बोललो. पुढच्या रविवारी एक मुलगा गाडी बघायला आला. चहा घेता घेता त्याने विचारलं, ‘‘काका, इंजिन तापतं का हो फार?’’

‘‘छे!’’

‘‘मग पायाला एवढं बँडेज कसलं?’’

‘‘कुत्रा चावला.’’

आई स्वयंपाकघरातून झारा घेऊन धावत आली. ‘‘कुत्रो? माका खरचाटला म्हणान सांगलंस! खंयचो कुत्रो? कुंदाताई! अहो कुंदाताई! वर येवा, हेका कुत्रो चावलोहा!’’

कुंदाताई सिरिंज भरूनच वर आल्या. ‘‘आत्ता धनुर्वाताचं देते. कुत्र्याची उद्यापासून. बाही वर कर!’’

समोर गिऱ्हाईक, बाजूला सुई. मुलगा तर म्हणत होता, ‘‘काका, मला गाडी पसंत आहे.’’ खरं बोलावं तर सौदा मोडतो, गप्प बसावं तर दंड फुटतो! मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, निश्चय केला. दंडाला कापसाचा गार बोळा लागला मात्र, आणि मी अख्ख्या मरोळला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो:

‘‘सायलेन्सर! सायलेन्सर चावला!’’